सतराव्या चौकीतले माणिक

एका राज्यात ‘राजा बोले, दळ हाले’ ही नुसती म्हण नव्हती, रोजचा व्यवहार होता. त्या राज्याच्या मधोमध डोंगराची एक उंच धार होती आणि राजा मेघदंडाची पाठ त्या धारेशी एकाच मंत्राने बांधलेली होती. राजाच्या पाठीत तेहतीस मणके, डोंगराच्या पोटात एकावर एक तेहतीस चौक्या. शिखरावर राजवाडा, तळाशी पायथा नावाचा मुलूख. पायथ्यात काटा पडला तर तो राजाच्या तळव्याला टोचे, आणि राजाने आपल्या हुकमाने पाऊल उचलले की पायथ्याच्या धरणाची दारे उघडत.

चौक्यांमधून दोन वाटा जात. मागल्या वाटेने वर्दी वर चढे: टोचले, भाजले, गार लागले. पुढल्या वाटेने हुकूम खाली उतरे: ऊठ, चाल, थांब. वर्दीच्या जासुदाने हुकमाच्या वाटेवर पाऊल ठेवायचे नाही, रांग सोडायची नाही, अशी कडक चाल होती. चौकीदारांना मात्र एक जुना अधिकार होता. विस्तव पायाला भिडला तर हुकमाची वाट बघायची नाही. आधी पाय मागे घ्यायचा, मग वर कळवायचे. वाड्यातले लोक हा अधिकार विसरून गेले होते. वाड्यातले लोक आपल्या उपयोगाचे नसलेले सगळेच विसरतात.

एके दिवशी राजाचे पाय गेले. ना हालचाल, ना जाणीव. वैद्यांनी गुडघ्याखाली लाकडी हातोडी मारून पाहिली, तर पाय टुणकन उडाला. प्रधान भानुकीर्ताने तिथल्या तिथे निकाल दिला: पाय हातोडीला उडतो आणि महाराजांच्या हुकमाला हलत नाही, म्हणजे पाय फितूर; आणि पाय फितूर म्हणजे पायथाही फितूर. तीन महिन्यांत पायथ्यातून एक तक्रार आली नव्हती, त्यावरून तिकडे सगळे सुखात लोळत आहेत हेही त्याने ताडले. धन्य त्याची! पौर्णिमेला राजाचे पाय तोडावेत आणि खालच्या चौक्या माणसांसकट चिणून टाकाव्यात असे ठरले.

आणि पायथ्यात काय चालले होते? वणवा. धरणाची दारे बंद, विहिरी आटलेल्या, आग शेतामागून शेत खात गावाकडे सरकत होती. आवडाई नावाची जासूद ही वर्दी घेऊन निघाली होती आणि तिसाव्या चौकीत रांगेच्या शेपटाला उभी होती. रांग हलेना. पुढे काय झाले ते कुणाला दिसेना, आणि रांग सोडायची नाही म्हणून कुणी बघायलाही जाईना. घरी तिची आई ओले गोणपाट घेऊन बांधावर आग झोडपत होती. अखेर आवडाईचे डोके फिरले. ती चौकीच्या झरोक्यातून बाहेर पडली आणि कड्यावरून वर चढू लागली. वाटेत तिला एक टिटवी भेटली. आकाश कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणारी तिची जात, पण या टिटवीला माणसाची वाणी होती आणि कड्यावरच्या पाऊलवाटा तोंडपाठ होत्या. तिने आवडाईला नऊ दिवसांत शिखरावर नेले.

वर्दीची बाई समोरच्या दाराने आली म्हणून प्रधान आधी त्यावरच घसरला. पायथा जळतो आहे हे त्याने कानाआड केले. अंगणात पाय तोडायच्या फरशी-कुऱ्हाडीला धार लावणे चालू होते. ते बघून आवडाईच्या अंगाची लाही झाली.

“महाराज,” ती म्हणाली, “पाय निर्दोष आहेत. वाट तुटली आहे.”

“तीन गोष्टी सिद्ध कर,” राजा म्हणाला. “हुकमाशिवाय पाय कोण हलवतो, ते दाखव. वाट कुठे तुटली, ते दाखव. आणि ती जोडून दे. नाहीतर पहिल्या दगडामागे तूच.”

आवडाईने राजाचे डोळे बांधले आणि हातोडी मारली. पाय उडाला.

“महाराजांना काही कळले?”

“नाही.”

“हुकूम दिलात?”

“नाही.”

“मग हा चौकीदार. मार बसला की तो वर न विचारता पाय हलवतो. तुमची खबर नाही, तुमचा हुकूम नाही, तरी तीन महिने बिचारा आपल्या जागी चोख उभा आहे. आणि तुम्ही त्याला फितूर म्हणता.”

मग तिने बाभळीचा काटा घेतला आणि तळव्यापासून टोचत वर निघाली. पोटरी, गुडघा, मांडी, कंबर. राजा ढिम्म. बेंबीच्या रेषेवर मात्र तो कळवळला. या रेषेच्या खालची सगळी वर्दी सतराव्या चौकीतून येते, तेव्हा खोळंबा तिथेच आहे, असे आवडाईने सांगितले. राजाचा चेहरा पांढरा पडला, आणि का पडला ते कड्यावरून सगळे बघत आलेल्या टिटवीने ओळखले.

तिथे राजाने एक माणिक लपवले होते. ते त्याने कालजिव्ह नावाच्या जादूगाराकडून हिसकावले होते, आणि कालजिव्हाने शाप दिला होता की हे माणिक रोज तसूभर वाढेल. सगळ्यांत अरुंद चौकीत कोण शोधणार, म्हणून राजाने ते तिथे ठेवले आणि चौकीचे दार लावून घेतले.

आवडाई पुढल्या वाटेने धावत उतरली. सतराव्या चौकीवर तिला हुकमाचे जासूद दिसले, तोंडात ‘चाल’ हा शब्द धरून तीन महिने भिंतीला टेकलेले. दार फोडले तर आत जागाच नव्हती, नुसते लालभडक माणिक होते. त्याने दोन्ही वाटा दाबून टाकल्या होत्या. पलीकडून वर्दीवाल्यांचे कण्हणे ऐकू येत होते. तिने खांदा लावला, तळहात सोलून निघाले, माणिक हलले नाही. तेव्हा मागोमाग उतरलेल्या टिटवीने शापाचा उतारा सांगितला: ज्याने लपवले त्याने कबूल करावे.

टिटवी वर उडाली आणि सिंहासनाच्या हातावर बसली.

“चूक कोणाची?”

“राजाची चूक होत नसते,” प्रधान म्हणाला आणि त्याने फरशीवाल्याला खूण केली.

राजाने आपल्या मुक्या पायांकडे पाहिले. फरशी उचलली गेली तेव्हा तो बोलला.

“थांबा. माणिक मी ठेवले. वाट मी दाबली. चूक माझी.”

माणिक आक्रसून ज्वारीच्या दाण्याएवढे झाले. मागल्या वाटेने वर्दी सुटली आणि तीन महिन्यांचा सगळा वणवा एकदम राजाच्या तळव्यांना लागला. तो असा ओरडला की शिखरावरचे कावळे उडाले. प्रधानाने पाय बधिर करणारा लेप मागवला.

“लेप नको,” राजा म्हणाला. “एवढे दिवस तोच तर लावून बसलो होतो.”

आणि रडत रडत त्याने पाऊल उचलले. पुढल्या वाटेने हुकूम उतरला, अंगठा हलला, घोटा वळला, आणि धरणाची दारे उघडली.

पुढे राजाने फर्मान काढले, की कुठून तक्रार आली नाही तर आधी वाट तपासावी. ते तपासायला भानुकीर्ताला सतराव्या चौकीत बसवले, दाराशी, कान लावून. आवडाईने बक्षीस घेतले नाही. ती हुकमाच्याच वाटेने घरी गेली आणि तिला कुणी अडवले नाही. आई घोटाभर पाण्यात उभी होती, हातात अर्धे जळलेले गोणपाट.

“कळले का गं त्याला?” आईने विचारले.

“कळले,” आवडाई म्हणाली. “चांगला ओरडला.”