चकतीवरचं पाणी

“...ते सगळं राहू दे. शैलजा परत येईल की नाही, एवढंच सांग.”

घाणेकर सर उभ्यानेच विचारत होते. मठाच्या ओसरीवर बसायला चटई होती, पण त्यांना आपण इथे बसायला आलोय असं दिसू द्यायचं नव्हतं.

विशाखाताई फणसाच्या झाडाखाली कोयता तपासत होत्या. पात्यावरून अंगठा आडवा फिरवायचा, थांबायचं, पुन्हा फिरवायचा.

“त्या आज सकाळी गेल्या ना?” त्यांनी विचारलं.

“काल. भावाकडे, देवरुखला.”

“मग त्यांना विचारा.”

“फोन उचलत नाही. म्हणून तर आलो. तुझं ती ऐकते.”

सर विशाखाताईंना तू म्हणत होते. मठाचे स्वामी वारले आणि त्यांच्या जागी ही तिशीतली मुलगी बसली, तेव्हापासून सरांनी या पायऱ्या चढायचं सोडलं होतं. शैलजाबाई मात्र दर गुरुवारी यायच्या, अंगण झाडायच्या, कुणाशी फारसं न बोलता परत जायच्या. मठात कोण बसलंय याने त्यांना काही फरक पडला नव्हता.

“रविवारी मुलाचा साखरपुडा आहे,” सर म्हणाले. “घरात. व्याही येणार, चार माणसं येणार. मुलाची आई कुठाय म्हणून विचारतील. मी काय सांगू?”

“भांडण झालं?”

“भांडण नाही, काही नाही. म्हणाली, बाथरूम छान झालीय. पिशवी उचलली आणि गेली.”

“बाथरूम?”

सरांचा चेहरा जरासा खुलला. हे सांगायला त्यांना आवडत होतं.

“तिच्या गुडघ्यांसाठीच केली. जुनी फरशी शेवाळलेली. गवंडी लावला असता, पण गवंड्यांना कोन कळत नाही. मी आयुष्यभर भूमिती शिकवली. तेव्हा म्हटलं, आपणच करायचं. टाइल कापायचं यंत्र मागवलं ऑनलाइन. टेबलावर ठेवायचं, पाण्यावर चालणारं. खाली पाण्याचा ट्रे, त्यात अर्धी बुडलेली चकती. चकती फिरते, पाणी घेते, टाइल लोण्यासारखी कापते. पाणी नसेल तर चकती तापते, कडा उडतात. शास्त्र आहे ते. तुला सांगतो, सगळ्यात स्वस्तातलं यंत्र घेतलं मी, पण त्यातून जे काम काढलं...”

“काका, थोडक्यात सांगा. मला फणस चिरायचाय.”

शाळेत त्यांना असं कुणी तोडलं नव्हतं.

“थोडक्यात म्हणजे, बाथरूम मी एकट्याने केली,” ते म्हणाले. “दारापासून मोरीपर्यंत. एक रेघ वाकडी नाही.”

“स्वस्तातलं यंत्र म्हणालात.”

“हो.”

“चाललं नीट?”

“चाललं. म्हणजे... ट्रेला चीर होती. पाणी टिकायचं नाही. परत पाठवलं असतं तर काम अडलं असतं.”

“मग चकतीवर पाणी?”

“ही होती ना.”

“कोण?”

“शैलजा. तांब्याने घालायची वरून.”

विशाखाताईंनी कोयता मांडीवर ठेवला.

“गुडघे दुखणाऱ्या?”

“बसून कसं घालणार? यंत्र टेबलावर. पाणी बरोबर चकतीवर पडायला हवं, इकडेतिकडे मोटरवर नको. उभंच राहावं लागतं. आणि त्यात एवढं काय आहे? पाणीच तर घालायचं.”

विशाखाताईंनी वर पाहिलं.

“चेहऱ्यावर राडा उडायचा, ते मान्य आहे. पांढरा, चुन्यासारखा. खोक्यात चष्मा एकच आला होता.”

चष्मा कुणी लावला, हे विशाखाताईंनी विचारलं नाही. सरांनी सांगितलंही नाही. पण हात त्यांच्या नकळत डोळ्यांपाशी गेला आणि त्यांनी तो खाली घेतला.

“मग गेल्या कशाने?”

“परवा व्याही आले होते, घर बघायला. चहाच्या आधी मी त्यांना बाथरूम दाखवली. माणूस बारीक नजरेचा. मोरीजवळच्या टाइलवर बोट ठेवून म्हणतो, इथे कोपरा उडालाय वाटतं. मी म्हटलं, हिचं लक्ष नव्हतं पाणी घालताना. बाकी सगळं माझ्या हातचं आहे.”

“मग?”

“मग काय. हसले सगळे. मीही हसलो. हिने चहा दिला. सकाळी गेली.” सर जरा थांबले. “खोटं काय बोललो मी? उडाला ना कोपरा? एवढ्याशा गोष्टीवरून साठीची बाई घर सोडते? माझी बहीण अशी निघून आली असती, तर मी तिला आल्या पावली परत पाठवली असती.”

विशाखाताई उठल्या. धारेचा दगड झाडाच्या बुंध्याशी जमिनीत रोवलेला होता. तो सोडून त्यांनी शेजारच्या, ओट्याच्या उंचीच्या कठड्यावर एक सुटा दगड आणून ठेवला, कोयत्याचं पातं दोन्ही हातांनी त्याच्यावर आडवं धरलं.

“त्या हौदाजवळ तांब्या आहे,” त्या म्हणाल्या. “जरा पाणी घाला.”

“मी?”

“माझे दोन्ही हात गुंतलेत.”

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी तांब्या भरून आणला.

“बारीक सोडा. तुटू देऊ नका. पात्यावर पडू द्या, माझ्या हातांवर नको.”

“कळतं मला.”

पातं पुढे, पातं मागे. खर्रर... खर्रर... काळपट पाणी दगडावरून ओघळून कठड्याखाली साचू लागलं. 

सरांनी एका हाताने तांब्या धरला. मग दोन हातांनी. पितळी तांब्या जड होता. तो रिकामा झाला की ते हौदाकडे जायचे, भरायचे, परत यायचे. ते परत येईपर्यंत विशाखाताई पातं उचलून थांबायच्या, आणि तोंडाने काही न बोलता हौदाकडे बघायच्या. दुसऱ्यांदा सर जवळजवळ पळतच आले.

कडक इस्त्रीच्या पँटवर काळे ठिपके उडाले. एक ओठावर उडाला.

सर तोंड पुसायला गेले आणि पाणी तुटलं.

“पाणी,” विशाखाताई म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली नाही. सरांनी तोंड तसंच ठेवलं.

कंबर अवघडली. या पायावरून त्या पायावर भार देऊन झाला. कठड्याला टेकावं तर तांब्या पात्यापर्यंत पोचत नव्हता.

“जरा थांबूया का?” सर म्हणाले.

“मधेच सोडता येत नाही.”

सरांना हे वाक्य ओळखीचं वाटलं. अगदी याच आवाजात, मान वर न करता म्हटलेलं. समोर तांब्या धरून कुणी तरी उभं होतं, तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि ती म्हणाली होती, अहो, जरा थांबूया का...

खर्रर. खर्रर.

सरांनी तांब्या पुन्हा दोन हातांनी घट्ट धरला.

कोयता झाला तेव्हा स्वयंपाकघरातून गोदाक्का आल्या. मठाचा स्वयंपाक त्याच बघायच्या, आणि मठातल्या माणसांची चेष्टाही त्याच करायच्या. त्यांनी कोयता घेतला, अंगठा लावून पाहिला.

“वा गो ताई. काय धार लावलीस. फणस नुसता दाखवला तरी फाटेल.”

“लावली खरी,” विशाखाताई म्हणाल्या. “टोकाशी जरा बोथट राहिलीय.”

“ती कशाने?”

“यांचं लक्ष नव्हतं पाणी घालताना. बाकी सगळं माझ्या हातचं आहे.”

गोदाक्का मोकळेपणी हसल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सरांकडे पाहिलं. ओली बाही, ठिपक्यांची पँट, ओठावर काळा ओघळ.

“पुरुषमाणसाला मेलं पाणीसुद्धा धड घालता येत नाही,” त्या म्हणाल्या आणि कोयता घेऊन आत गेल्या.

सरांनी तोंड उघडलं. टोकाशी पातं बोथट नव्हतं. त्यांनी स्वतः बघितलं होतं, शेवटी विशाखाताई टोकावरच तर बराच वेळ होत्या. ते तसं सांगणार होते. मी पाणी तुटू दिलं नाही, एकदाच तुटलं, तेही टोकाशी नव्हे, असं सगळं त्यांच्या जिभेवर आलं होतं.

पण ते सांगायचं कुणाला? गोदाक्का आत गेल्या होत्या. आतून त्यांचं हसू अजून ऐकू येत होतं. त्या कुणाला तरी सांगत होत्या.

सरांचे कान तापले.

...

फणसाचं एक पान कठड्याखालच्या काळ्या पाण्यात पडलं.

“ती टाइल,” सर म्हणाले. “मोरीजवळची. शेवटची होती ती. मला उरकायचं होतं. ती म्हणाली, हळू, घाई करू नका. मी म्हटलं, तू पाण्याकडे बघ... आणि रेटली.”

विशाखाताई दगड धूत होत्या.

“पाणी बरोबर पडत होतं,” सर म्हणाले. “पहिल्या टाइलपासून बरोबर पडत होतं.”

विशाखाताईंनी दगड उलटा केला.

“मला माहीत होतं. व्याह्यांसमोर बोललो तेव्हासुद्धा माहीत होतं.”

विशाखाताईंनी दगड उचलून झाडाखाली नेऊन ठेवला. परत येऊन त्यांनी हात पदराला पुसले. त्यांनी सरांना बसा म्हटलं नाही, की पाणी हवंय का विचारलं नाही. सरांना वाटत होतं, या मुलीने काही तरी बोलावं. ओरडावं सुद्धा. ती ओरडली असती तर त्यांना तिच्यावर चिडता आलं असतं.

“दुपारची देवरुखची एसटी अजून मिळेल,” शेवटी सरच म्हणाले. “मी जातो. पण मला बघून ती दार लावून घेईल. तुम्ही... ताई, तुम्ही एक निरोप द्या. तुमच्या नावाने सांगतो. चिठ्ठी दिलीत तरी चालेल.”

सरांनी तुम्ही म्हटलं होतं. ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

“निरोप नाही,” विशाखाताई म्हणाल्या.

“काही तरी द्या हो. रिकाम्या हाताने कसा उभा राहू तिच्यासमोर?”

विशाखाताईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. तांब्या अजून त्यांच्याच हातात होता. इतका वेळ धरून धरून बोटं वळली होती, तो ठेवायचा असतो हेच ते विसरले होते.

“हा?” सर म्हणाले.

“न्या.”

सर हौदाकडे वळले. तांब्यात अर्धं पाणी उरलं होतं. ते जास्वंदीच्या मुळाशी ओतायला त्यांनी तांब्या कलता केला.

“ओतू नका. भरा.”

सर थांबले. त्यांना ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. पण विशाखाताई बघत होत्या. सरांनी तांब्या हौदात बुडवला, काठोकाठ भरून वर काढला. पहिल्याच पावलाला पाणी हिंदकळून त्यांच्या बोटांवर आलं.

“एसटीला गर्दी असते,” ते म्हणाले. “बसायला मिळणार नाही. घाटात गाडी हलते. हात अवघडतील.”

विशाखाताईंनी पदर खोचला.

“लोक हसतील.”

विशाखाताई फणसाकडे गेल्या. एक हात फळाखाली धरून त्यांनी देठ पाहिला.

“सांडेल, ताई.”

“लक्ष असू द्या.”