चिमट्यात धरलेलं पुस्तक

"हे पुस्तक राजद्रोही आहे!" सर हम्फ्री गरजले. पुस्तक त्यांनी शेकोटीच्या चिमट्यात धरलं होतं. हाताला फ्रान्सची क्रांती लागली तर काय घ्या!

"साहेब, आपण वाचलंत?" छापखानेवाल्या मोर्गनने भीत भीत विचारलं.

"वाचायचं कशाला? वेल्श भाषेत आहे. मला कळत नाही, म्हणजे त्यात काहीतरी असणारच!"

आता हा न्याय ऐकून तुम्ही हसाल, पण मोर्गन बिचारा कसा हसणार? दिवसच तसे होते. समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये लोकांनी आपल्या राजाचं मुंडकं उडवलं होतं, आणि इकडे वेल्समधल्या जमीनदारांना उठल्याबरोबर आपली मान चाचपून पाहायची सवय लागली होती. आबेरग्विनचे सर हम्फ्री तर गावचे जमीनदारही आणि न्यायाधीशही. पुलावर त्यांचं नाव, विहिरीवर त्यांचं नाव. चोरांना अडकवायच्या खोड्यावरसुद्धा त्यांनी स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं! सारं गाव वेल्श बोलायचं, साहेबांना मात्र त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी निवाडे तेच करायचे, आपल्या दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून.

पुस्तक पकडून आणलं होतं चर्चच्या पाळकबुवांनी. देवाच्या दारात जमीनदाराला वेगळी खुर्ची नाही, सगळ्यांना एकच बाक, असं एका विणकराने त्यात लिहिलं होतं. हा विणकर रविवारी डोंगरावरच्या प्रार्थनाघरात प्रवचन द्यायचा. पुस्तकावर त्याने नाव घातलं नव्हतं. पाळकबुवांनाही वेल्श येत नव्हतं. त्यांचं दुखणं निराळंच होतं.

"कुणीतरी हे मोठ्याने वाचतं, बायका मोजे विणता विणता ऐकतात आणि माना डोलावतात, साहेब! माझ्या प्रवचनाला नुसत्या डुलक्या घेतात!"

"लेखक कोण?" साहेबांनी मोर्गनला दरडावलं.

मोर्गन नाव कसं सांगणार? विणकर त्याचा बालमित्र होता.

"मी नुसता छापतो, साहेब. कामाच्या घाईत धड वाचलंही नाही."

"वाचलं नाही ही सबब माझ्यापुढे चालत नाही! छापखान्याला कुलूप ठोका! आणि लेखक एकटा असं धाडस करणार नाही. मागे कुणीतरी बडं धेंड आहे. ज्याच्या जोरावर पुस्तक निघालं, तो सूत्रधार मला हवा! तीन दिवसांत उभा कर, नाहीतर सात वर्षं काळ्या पाण्यावर!"

मोर्गनच्या मागे उभी असलेली त्याची लेक लाउरी पुढे झाली. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम तिचं, त्यामुळे बोटं कायम शाईने काळी.

"आणते सूत्रधार, साहेब. पण तो खरंच मोठा माणूस निघाला तर?"

"लॉर्ड असला तरी बेड्या!"

"लेखी द्याल?"

सही करायची संधी साहेब कधी सोडत नसत. त्यांनी झोकात लिहून दिलं.

बाहेर येताच मोर्गनने कपाळावर हात मारला. "पोरी, काय करून बसलीस! विणकराला धरून देणार आहेस की काय? चार लेकरं आहेत त्याला!"

"त्याला कशाला देऊ? पुस्तकातलं नावांचं पान मीच जुळवलंय, बाबा. तुम्ही निवांत जेवा."

तिसऱ्या दिवशी दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शिपाई बेड्या घेऊन तयार होता.

"आणलास सूत्रधार?"

"तो आधीच येऊन बसलाय, साहेब."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लाउरी सरळ साहेबांच्या मागच्या कपाटाशी गेली आणि तिसऱ्या फळीवरच्या सहा सोनेरी पुस्तकांतलं एक काढून आणलं. तेच पुस्तक! पानांच्या जोडलेल्या घड्यासुद्धा कुणी वाचायला कापलेल्या नव्हत्या. तिने टेबलावरची सुरी उचलली आणि पहिली घडी चर्रकन कापली.

"आमच्याकडे पुस्तक छापायचं तर आधी आगाऊ पैसे देणारे वर्गणीदार गोळा करावे लागतात. त्यांच्याच जोरावर पुस्तक निघतं, म्हणून त्यांची नावं पहिल्या पानावर छापतात. सगळ्यात वरचं नाव आपणच वाचा, साहेब. इंग्रजीत आहे."

साहेबांनी चष्मा लावला. "सर... हम्फ्री... सहा प्रती!"

"नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं हवं, असा आपला निरोप होता. पुस्तक कसलं, ते आपण विचारलंच नाही."

"अरे देवा!" पाळकबुवा पुटपुटले.

"दुसरं नाव तुमचंच आहे, पाळकबुवा. एक प्रत."

"पण मी ते वाचलेलं नाही!" साहेब ओरडले.

"ही सबब आपल्यापुढे चालत नाही म्हणे."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लालबुंद झाले. लाउरीने त्यांच्याच सहीचा कागद टेबलावर ठेवला.

"पुस्तक राजद्रोही असेल, तर बेड्या तयार आहेत. देवाधर्माचं असेल, तर एवढ्या चांगल्या कामाचे सगळ्यात मोठे आश्रयदाते आपणच. काय ते आपण ठरवा. न्यायाधीश आपण!"

साहेबांनी बेड्यांकडे पाहिलं. पहिल्या पानावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. छापलं होतं मात्र झकास! त्यांनी मान चाचपली आणि एकदम पोट धरधरून हसायला लागले.

"पुस्तक उत्तम आहे! अत्यंत धार्मिक आहे!"

"साहेब, आपण वाचलंत?" मोर्गनच्या तोंडून निघून गेलं.

"वाचायचं कशाला? माझं नाव आहे ना त्यावर! काढा ते छापखान्याचं कुलूप! आणि पोरी, तुला चांगल्या कागदाचे दहा गठ्ठे माझ्याकडून. पुढच्या पुस्तकाच्या बारा प्रती माझ्या नावे लिही!"

"लिहिते, साहेब. नाव नेहमीसारखं सगळ्यात वर ना?"

साहेबांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी हळूच पाळकबुवांकडे पाहिलं.

"नको, नको! या खेपेला पाळकबुवांचं वर घाल. आणि खिळे चांगले मोठे वापर!"