गोदामातली जर्मन

तुमच्या कपाटात अशी एखादी साडी आहे का, जी डाग पडेल या भीतीने तुम्ही एकदाही नेसला नाहीत? असेल, तर तिच्यावर आजवर एकही डाग नसणार, हे कपाट न उघडताही सांगता येईल. हेमांगी तांडेलची जर्मन भाषा अगदी तशी होती. घडीसुद्धा न मोडलेली.

एकदा एका बंदराच्या शहरात एक वृद्ध गृहस्थ राहत होते. उभे आयुष्य त्यांनी विमा कंपन्यांसाठी सर्वेअरचे काम केले होते. जहाजातला माल भिजला, कुजला, फुटला की त्यांना बोलावणे येई. ते शिडीने जहाजाच्या पोटात उतरत, ओली पोती उचलून बघत, मालाचा नमुना कापडी पिशवीत बांधत आणि गाठीवर लाख ओतून आपला पितळी शिक्का उमटवत. पुढे वाद उद्भवला, तरच तो शिक्का फोडायचा, असा त्या व्यवसायाचा रिवाज. देशोदेशींच्या कप्तानांशी बोलता बोलता जर्मन, फ्रेंच आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषा त्यांच्या जिभेवर येऊन बसल्या. निवृत्त झाल्यावर, विद्यापीठात विमा आणि जोखीम व्यवस्थापन हा विषय घेऊन सोबत एखादी युरोपीय भाषा शिकणारी मुले त्यांच्या ओसरीवर येऊ लागली. मुले त्यांना काका म्हणत.

हेमांगी त्या मुलांमधली सर्वांत अभ्यासू. जोखमीचे चार उपाय तिला झोपेतून उठवले तरी सांगता येत. जोखीम टाळावी, कमी करावी, दुसऱ्यावर सोपवावी, नाहीतर स्वतः पेलावी. यांतले पहिले तीन तिने जर्मन शिकताना नकळत वापरलेही होते. वर्गात प्रश्न आला की ती वहीत डोके घाली. बोलावेच लागले, तर आधी लिहून, चारदा तपासून, पाठ करून बोले. आणि दोघांनी मिळून संवाद सादर करायचा असला, की मोठा भाग शेजारच्या अन्वरला देऊन स्वतः "हो", "नाही" आणि "धन्यवाद" एवढेच घेई. अन्वर भरपूर बोले, भरपूर चुके, आणि त्याची वही लाल शाईने रंगलेली असे. हेमांगीच्या वहीत तीन वर्षांत लाल शाईचा ठिपका नव्हता. याचा तिला अभिमान होता.

आणि मग ती संधी आली. हॅम्बुर्गच्या एका विद्यापीठातून एक प्राध्यापक बाई येणार होत्या. सागरी विमा शिकण्यासाठी सहा महिने तिकडे न्यायला त्या एकच विद्यार्थी निवडणार होत्या. मुलाखत जर्मनमधून. हेमांगीचे वडील बंदरावर होड्यांची इंजिने दुरुस्त करत. स्वतःच्या खर्चाने मुलीला परदेशी धाडणे त्यांना कधीही जमणारे नव्हते. त्यामुळे ही मुलाखत म्हणजे तिच्यासाठी एकुलता एक दरवाजा होता, आणि तो एकदाच उघडणार होता.

तिने तीन आठवडे खपून बारा कार्डे तयार केली. एकेका कार्डावर एक संभाव्य प्रश्न आणि त्याचे निर्दोष उत्तर. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, ती कार्डे घेऊन काकांकडे आली.

"काका, सगळं तोंडपाठ आहे. तुम्ही विचारा, मी सांगते."

काकांनी पहिल्या कार्डावरचा प्रश्न विचारला. उत्तर अस्खलित आले. दुसरे, तिसरे, अगदी सहाव्यापर्यंत एकही अक्षर इकडचे तिकडे झाले नाही. आतून चहा घेऊन आलेल्या काकू दारातच थांबून कौतुकाने ऐकत राहिल्या. मग काकांनी कार्डे गुडघ्यावर उपडी ठेवली आणि जर्मनमध्येच सहज विचारले, "आज दुपारी काय जेवलीस?"

हेमांगीने मोठा श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात सातव्या कार्डावरचे उत्तर दिले. आगीपासून होणारे नुकसान तीन प्रकारांनी मोजले जाते, असे ते उत्तर होते.

काका काकूंकडे वळून मराठीत म्हणाले, "ऐकलंस का? मी हिला विचारलं, दुपारी काय जेवलीस. ही म्हणते, तीन प्रकारची आग."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "मग चहा राहू दे, आधी पाणी देते."

काका हसले, काकू हसल्या. हेमांगीला हसू आले नाही. तिचे डोळे भरून आले. "काका, उद्या असंच झालं तर? ही कार्डं अजून पक्की करू का? आणखी दहा लिहू?"

"दे बघू इकडे," काका म्हणाले. ते आत गेले आणि एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यातून त्यांनी खाकी लिफाफा काढला, बाराही कार्डे त्यात घातली, मेणबत्ती पेटवली, लाखेची कांडी ज्योतीवर धरली आणि लिफाफ्याच्या तोंडावर तांबडी लाख थेंब थेंब पाडून वर आपला पितळी शिक्का दाबला. सारे इतक्या शांतपणे, की हेमांगीला ओरडायचे सुचेपर्यंत लाख घट्टसुद्धा झाली.

"काका! हे काय केलंत? उद्या साडेदहाला मुलाखत आहे माझी! माझे तीन आठवडे आहेत हो त्यात!"

"म्हणून तर सीलबंद केले," लिफाफा तिच्या हातात देत काका म्हणाले. "उद्या सोबत घेऊन जा. तुझ्या तोंडून शब्दच फुटला नाही, तर खुशाल सील फोड. तोवर हात लावायचा नाही."

"अहो, पोरीला रडवताय कशाला?" काकू म्हणाल्या.

"रडवत नाही गं, परीक्षा घेतोय." काका पुन्हा पाटावर टेकले. "हेमांगी, सागरी विम्याचं मला एक सांग. माल परदेशी पाठवायचा म्हणून व्यापाऱ्याने विमा उतरवला. त्याचं संरक्षण कधी सुरू होतं?"

हा प्रश्न तर तिचा हातखंडा. तिने नाक पुसले आणि सांगितले, "माल प्रवासासाठी गोदामातून हलला, की त्या क्षणापासून."

"आणि माल गोदामातच राहिला तर?"

"तर संरक्षण सुरूच होत नाही."

"आणि तिथे पडून पडून त्याला कीड लागली तर?"

"तर भरपाई नाही. कारण..." हेमांगी अडखळली. तिने हातातल्या लिफाफ्याकडे पाहिले.

काका हळू आवाजात बोलू लागले. "माझ्या ओळखीचा एक काजूचा व्यापारी होता. फार सावध मनुष्य. त्याने उत्तम प्रतीचा माल घेतला, उत्तम विमा उतरवला, आणि मग रोज बंदरावर जाऊन आभाळ बघून परत येऊ लागला. आज वारा आहे, आज ढग आहेत, आज कप्तान नवखा दिसतो. पोती गोदामातच. सहा महिन्यांनी त्याने मला बोलावले. मी पोते उघडले, तर काजूचा भुगा आणि वर भुंगे. तो म्हणाला, 'साहेब, एवढा पक्का विमा होता माझा!' मी म्हटले, 'शेठ, विमा प्रवासाचा होता. तुम्ही प्रवासाला निघालातच कुठे?' बाळ, तुझी जर्मन तीन वर्षे गोदामात आहे. तिला ओरखडा नाही, हे खरे. पण ज्या वाटेवर ओरखडे पडतात, त्याच वाटेवर माणसे भेटतात, सांभाळून घेतात, चुकले तर सांगतात. भाषेचा विमा म्हणजे समोरचा माणूस. आणि तो तू बाहेर पडल्याशिवाय भेटत नाही. जोखमीचे तीन उपाय तू केलेस. चौथा राहिला. थोडी जोखीम स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. तुझे आडनाव तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. तुझ्या आजोबांनी होडी वाळूवर ठेवून मासे आणले होते का?"

हेमांगीने मनातली खरी गोष्ट विचारली. "पण काका, लोक हसतात ना."

"हसतात तर!" काका उत्साहाने म्हणाले. "मी पहिल्यांदा जर्मन जहाजावर गेलो तेव्हा कप्तानाला सांगायचे होते, की तुमच्या जहाजातला माल भिजला आहे. बोललो असा, की मीच भिजलो आहे. तो बिचारा धावत जाऊन टॉवेल घेऊन आला."

"आणि यांनी तो घेतला!" काकूंनी भर घातली. "अजून आहे घरात. मी पाय पुसायला ठेवलाय."

"घेतला खरा, पण तोवर माझी चूक माझ्या ध्यानात आली होती. दोघेही पोट धरून हसलो. आणि मग त्या कप्तानाने स्वतः कंदील धरून मला जहाजाचा कोपरा न् कोपरा दाखवला. निर्दोष जर्मन बोललो असतो, तर त्याने एक खलाशी सोबत देऊन मला वाटेला लावले असते."

हेमांगीला आता हसू फुटले. हसतानाच तिला जाणवले, की अन्वरच्या चुकांवर सारा वर्ग हसत असे, आणि मधल्या सुट्टीत जर्मन शिकवणाऱ्या बाई त्याच्याशीच गप्पा मारत उभ्या राहत. तिच्याशी बाई फक्त "छान" एवढेच बोलत. तीन वर्षे.

"चल," काका म्हणाले, "प्रश्न तोच. दुपारी काय जेवलीस?"

लिफाफा मांडीवर होता. पाठ केलेले काहीच उपयोगाचे नव्हते. ती दुपारी पिठलं-भाकरी जेवली होती, आणि पिठल्याला जर्मनमध्ये काय म्हणतात हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. तिने सुरुवात केली, थांबली, शब्द मागे घेतला, दुसरा पुढे केला, हातवारे केले. सरतेशेवटी तिने सांगितले, की आपण एक पिवळा, गरम चिखल खाल्ला, पण तो फार चांगला चिखल होता, आणि आई तो सर्वांत चांगला करते.

काकांनी ते काकूंना मराठीत सांगितले. काकूंच्या हातून बशी निसटता निसटता राहिली. "चिखल काय! थांब, तुझ्या आईलाच सांगते."

"चुका किती झाल्या, काका?"

"मोजल्या नाहीत. मला पिठलं खावंसं वाटलं, ते मोजलं. हं, पुढे सांग. तुझी आई पिठलं कसं करते?"

ती सांगू लागली. फोडणीपाशी अडली, मिरचीपाशी घसरली, भाकरीपाशी सावरली. जिथे अडे तिथे काका एखादा शब्द हलकेच पुढे सरकवत, आणि ती तो उचलून पुढे जाई. दिवेलागणीपर्यंत ते दोघे पिठल्यावरून तिच्या वडिलांच्या इंजिनांपर्यंत आणि इंजिनांवरून समुद्रापर्यंत येऊन पोहोचले होते. निघताना तिने लिफाफा पिशवीत तळाशी ठेवला. दारात चपला घालताना ती काकूंना जर्मनमध्येच काहीतरी म्हणाली. काकूंना एक अक्षर कळले नाही, तरी त्यांनी "हो हो, सावकाश जा" असे उत्तर दिले, आणि ते अगदी बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्या बाईंनी हेमांगीला पहिलाच प्रश्न विचारला, तो बारा कार्डांपैकी एकावरही नव्हता. ती वीस मिनिटे बोलली. नऊ चुका तिच्या स्वतःच्याच लक्षात आल्या, बाई दोनदा मोठ्याने हसल्या, आणि त्यांनी हॅम्बुर्गच्या जागेपुढे तिचे नाव लिहिले. दुपारच्या जेवणाआधी ती काकांच्या ओसरीवर आली आणि लाखेचा शिक्का जसाच्या तसा असलेला लिफाफा तिने त्यांच्या हातात परत दिला.