सामा माळिणीची चूल

पूर्वी चंपानगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गंध्याच्या घरी जन्मला होता. भद्रिक त्याचे नाव. चंदन, वाळा, केवडा विकता विकता त्याने चार पैसे गाठीला बांधले आणि राजरस्त्यावरची सोळा खोल्यांची एक चाळ विकत घेतली.

चाळ स्वस्तात मिळाली, त्याला कारण होते. राजाच्या आजोबांचा हुकूम असा, की भाडेकरूची चूल पेटती असेतोवर त्याचे भाडे वाढवायचे नाही आणि त्याला उठवायचेही नाही. सलग तीन सूर्यास्त चूल थंड राहिली, तरच खोली रिकामी धरावी. त्यामुळे आजोबांच्या भाड्यात नातवंडे राहत होती आणि घरमालक कपाळाला हात लावून बसले होते. शहाणी माणसे असल्या चाळींकडे ढुंकूनही पाहत नसत. भद्रिकाने मात्र पाहून, विचार करून घेतली. जिथे सोळा चुली पेटतात तिथले छप्पर कुणी कोसळू देत नाही, असा त्याचा साधा हिशेब होता.

फक्त कोपऱ्यावरच्या खोलीवर त्याचा डोळा होता. तिथे त्याला दुकान थाटायचे होते. पण त्या खोलीत सामा नावाची म्हातारी माळीण हार गुंफत राहत होती, आणि तिची चूल काही विझत नव्हती. भद्रिक म्हणे, थांबू, घाई कसली?

एके दिवशी दुपार कलताना, चाळीचा सौदा जुळवून देणारा दलाल शंकुक धापा टाकत आला.

"गृहपती, नशीब काढलंत! म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला गंगेपार गेली ती तिकडेच अडकली. पूर आलाय, होड्या बंद. दोन सूर्यास्त चूल थंड आहे. दाराला कुलूप, आणि दुसरी किल्ली तुमच्याकडे. आज राजाचा माणूस तपासायला येतोय. तुम्ही नुसतं दार उघडा आणि राख दाखवा."

दुकान भद्रिकाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, खोटे कशाला सांगा? चंदनाच्या पेट्या कुठल्या भिंतीला लावायच्या, हेही त्याने ठरवून टाकले. बोधिसत्त्व झाला तरी गंधीच तो! मग त्याला पैलतीरावर उभी असलेली म्हातारी आठवू लागली. हुकूम तिला तोंडपाठ असणार. ती तिथे मावळते सूर्य मोजत असणार. किल्ली कमरेला खोचून तो निघाला.

चाळीतली सगळी माणसे दारात उभी होती. शेजारची बुरुडाची बायको रेवा त्याला ऐकू जाईल असे म्हणाली, "आले बघा, राख बघायला."

भद्रिकाने कुलूप काढले. आत सुकलेल्या मोगऱ्याचा वास होता. तो चुलीपाशी वाकला, राख चाचपली आणि बाहेर येऊन थेट रेवाच्या दाराशी उभा राहिला.

"बाई, थोडा विस्तव द्याल?"

"कशाला?"

"सामाआजींची चूल पेटवायचीय. दिवस मावळायला आलाय."

रेवाने खापरात निखारे भरून दिले, वर आपल्या हाताने बांबूच्या चार चिरफळ्या ठेवल्या.

"अहो, दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते हेच!" शंकुक ओरडला.

भद्रिकाने जन्मात चूल पेटवली नव्हती. दिसतील तेवढी लाकडे त्याने आत कोंबली. खोली धुराने भरली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, आणि एकदाचा जाळ धरला. तेवढ्यात म्हातारा राजपुरुष दारात आला.

"ही चूल कुणी पेटवली?"

"मी. दोन सूर्यास्त ती थंड होती, हेही लिहून घ्या. तिसरा अजून व्हायचाय."

"मालकानं पेटवलेली चूल भाडेकरूची कशी?" शंकुक मध्येच म्हणाला. "असा नियम आहे का?"

राजपुरुष हसला. "तीस वर्षं मी चुली तपासतोय, बाबा. मालकानं पेटवलेली एकही पाहिली नाही. हुकमात 'पेटती चूल' एवढंच लिहिलंय, कुणी पेटवायची ते लिहिलेलं नाही. ही पेटतीय."

भद्रिकाने किल्ली रेवाच्या हाती दिली. तिने रोज ती चूल राखली.

दोन दिवसांनी होड्या सुरू झाल्या. भद्रिक चाळीत होता, तेव्हाच सामा कमरेपर्यंत भिजलेली धावत आली. तिने आत जाऊन चुलीवर हात धरला आणि मटकन खाली बसली. रेवाने तिला सगळे सांगितले. डोळे पुसता पुसता म्हातारीला चुलीच्या वरची काळी पडलेली भिंत दिसली.

"अहो मालक, एवढी लाकडं एकदम कोण घालतं? घर जाळायचं होतं का माझं?" असे म्हणाली आणि पुन्हा रडू लागली. मग म्हणाली, "बस बाबा, पेज टाकते."

भद्रिक जमिनीवर बसला. कोपऱ्यावरचे दुकान राहिले ते राहिलेच.

पुढे कित्येक जन्मांनी, बोधिसत्त्व बुद्ध झाल्यावर, श्रावस्तीतल्या एका गृहस्थाने नवे घर विकत घेतले होते, आणि जुने भाडेकरू कसे निघतील, असे तो शास्त्यांना, म्हणजे बुद्धांना, विचारायला आला होता. त्याला ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजपुरुष म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. सामा ती दारापाशी बसलेली वृद्ध भिक्षुणी. भद्रिक मी होतो. आणि गृहस्था, शंकुक तू होतास. त्या संध्याकाळी मी मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, आचरली."

गृहस्थाने मान खाली घातली. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सावरत तो उठला आणि म्हणाला, "भगवन्, माझ्या त्या घरात कोण कोण राहतं, तेही मला ठाऊक नाही. आधी जाऊन विचारतो."