मेलेल्या शब्दाची बाजू

एका संस्थानात मथुरा नावाची एक तरुण कोशकार होती. वडिलांनी अर्धवट सोडलेला इंग्रजी-मराठी कोश तिने एकटीने पुरा केला होता. एवढा मोठा ग्रंथ छापायची सोय फक्त राजाच्या छापखान्यात होती. तिथली रीत अशी, की छपाईआधी राजाने भर दरबारात एक पान उघडायचं आणि कोशकाराने ते वाचून दाखवायचं.

राजाने पान उघडलं. मथुरा वाचू लागली, "'निम' म्हणजे घेणे. पुढे चोरणे असाही अर्थ झाला. हे इंग्रजी क्रियापद आता वापरात नाही. उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांनी 'टेक' आणला आणि 'निम' मागे पडलं. मूळ जर्मानिक. जर्मन लोक आजही घेण्याला 'नेमेन' म्हणतात."

दरबारातले पंडित वामनशास्त्री ताडकन उठले. "महाराज, हे तर आपलं 'नेणे'! साहेबाने शब्दसुद्धा आपल्याकडूनच नेला!"

दरबारात हशा पिकला. राजा खूश झाला. "मुली, तसंच लिही. उद्या छपाई सुरू!"

"शास्त्रीबुवा, पुरावा?" मथुरेने विचारलं.

"अगं, कानाला ऐकू येतंय की!"

"बाजारात दोन माणसं सारखी दिसली, म्हणून ती भाऊ ठरतात का?"

राजाच्या कपाळाला आठी पडली. "एका मेलेल्या शब्दासाठी वडिलांचं काम बुडवशील?"

"मेलेला आहे म्हणूनच, महाराज. त्याच्या बाजूने बोलायला दुसरं कोणी नाही."

राजाने कोशाचं बाड ठेवून घेतलं आणि काम शास्त्रीबुवांना दिलं. मथुरा रिकाम्या हातांनी घरी गेली. पण तिने माफी मागितली नाही.

दुसऱ्याच दिवशी सरदार ढमढेरे आले. "'ड्रम' आमच्या आडनावावरून आला. लिहा." मागोमाग दिवाण आले. "'डिवाइन' आमच्या हुद्द्यावरून." शास्त्रीबुवा कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? मग एकाच शब्दावर दोन सरदारांनी हक्क सांगितला आणि तलवारी उपसल्या. छपाई थांबली. कोणतं पान खरं, हे कोणालाच सांगता येईना.

शेवटी राजा स्वतः बाड घेऊन मथुरेच्या दारी आला. "तू लिहिलं होतंस तसंच छापू. पण मग आमच्या राज्याचा मान तो काय?"

मथुरा म्हणाली, "पहिल्याच पानावर लिहू या, हा कोश या राज्यात छापला. तेवढं खरं आहे, आणि तेवढं पुष्कळ आहे."

राजाने बाड तिच्या हातात दिलं.

तात्पर्य: पुराव्यावाचून मिरवलेला अभिमान देशाला मोठं करत नाही. खोट्याला पहिल्याच वेळी, एकटं पडलो तरी, नाही म्हणावं.