भोकाभोकांचा दगड

घराघरांत मासे पाळायच्या काचेच्या पेट्या नव्यानं आल्या ना, तेव्हाची ही गोष्ट. कुंदाताईंनी पेटीत खारं पाणी भरलं, समुद्रातला एक दगड ठेवला आणि पिवळी मासोळी सोडली. दगड कसला, भोकाभोकांचा बुळबुळीत म्हातारा! भोकांत सारखं काहीतरी वळवळायचं. पिवळी भीतीनं कोपऱ्याला चिकटली.

"आजोबा, आत कोण आहे हो?"

"माझी पोरंबाळं. तुझी घाण खातात. उद्या तुलाही चाखतील!" म्हणत दगड खो खो हसला.

पिवळीनं खाणंच सोडलं. ती दगडाला भिते हे ओळखून कुंदाताईंनी तो उचलून खाऱ्या पाण्याच्या बादलीत टाकला. पेटी कशी लख्ख दिसायला लागली, आणि पिवळी पुन्हा खायलाही लागली!

तिसऱ्या दिवशी पिवळीचे कल्ले चुरचुरायला लागले. घाण तिचीच होती, पण ती खाणारं कोणी उरलं नव्हतं. वर येऊन ती धापा टाकू लागली. कुंदाताई घाबरल्या. त्यांनी पेटीतलं निम्मं पाणी काढलं आणि बादलीतलं पाणी दगडासकट आत ओतलं.

"काय गं, चाखू का?" दगडानं विचारलं.

पिवळी त्याच्या सगळ्यात मोठ्या भोकात शिरली.

"चाखायचं तर चाखा, आजोबा. पण परत बादलीत जाऊ नका."