हिलालच्या हाती चावी

"...पण माझ्यानंतर त्या खुर्चीत हिलाल बसला तर, माई?"

सुकदेव अण्णांनी फिरून तेच विचारलं. नदीकाठच्या मठात राधागिरी माई मेथी निवडत बसल्या होत्या.

अण्णा बंधारा समितीचे अध्यक्ष. उद्याच्या सभेत त्यांना तहहयात अध्यक्ष करायचा ठराव यायचा होता. त्याला माईंचा आशीर्वाद हवा होता.

पूर्वी पाणी कुणाला, किती, केव्हा, ते सभेत ठरायचं. दुष्काळ पडला तेव्हा लोक म्हणाले, भांडत बसायला वेळ नाही, तुम्हीच ठरवा. पाऊस आला की अधिकार परत, अशी बोली होती. पाऊस आला, पूरही येऊन गेला. परत कुणी मागितलं नाही, अण्णांनी दिलं नाही. बंधाऱ्याच्या दरवाजाची चावी त्यांच्याच कमरेला. आता शिंकायचं तरी गाव अण्णांच्या तोंडाकडे बघे.

"लोकांची तक्रार नाही," अण्णा म्हणाले. "वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं."

"मग तुला झोप का नाही?"

"हिलालमुळे. वरच्या शिवारातला, आप्पलपोटा माणूस. ही चावी मिळाली तर खालचं शिवार वाळवून टाकील. म्हणून म्हणतो, मी मरेपर्यंत..."

"आणि मेल्यावर?"

अण्णांचा हात कमरेच्या चावीवर गेला.

माईंनी हात पुढे केला. "चावी दे."

अण्णांनी जरा कुरकुरतच सोडून दिली. माईंनी ती मुठीत धरली.

"समज, आता ही हिलालच्या हातात आहे. ऊठ, सभेत बोल."

अण्णांना चेवच आला. एकट्यानं दरवाजा उघडायचा नाही, खालच्या शिवारातला माणूस हजर हवा. पाण्याच्या पाळ्या सभेनंच ठरवायच्या. अध्यक्षाचं शेत सगळ्यांच्या शेवटी भिजायचं. अडचणीत दिलेला अधिकार अडचण सरली की आपोआप संपायचा, मागायलाही लागू नये. बोलता बोलता त्यांना घाम फुटला.

"झालं?"

"झालं."

माईंनी मूठ उघडली आणि चावी अण्णांच्या तळहातावर ठेवली.

अण्णा चावीकडे बघत राहिले...

मग हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना हलकं वाटलं. उद्या ठराव आणतो, पण आत्ता बोललो तो आणतो, असं म्हणून ते निघाले.

उंबऱ्याशी मात्र पाय अडला. मोठेपण इतक्या सहज सुटतंय होय!

"पण माई, मी काही हिलाल नाही. मग माझ्या चांगुलपणाचं काय करू?"

माईंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"घरी ने. बायकोनं पुष्कळ दिवसांत पाहिलेला नाही."